दिवसाला किती कोस?

लोणावळ्याच्या पावसात आठशे पानांचं पुस्तक वाचायला घेतलं, की वाचणाऱ्याच्या आधी पुस्तक दमतं. जुलैत कव्हर बाहेरच्या बाजूला वळायला लागतं, मग पानांच्या कडांना लाटा येतात, आणि ऑगस्ट उजाडेपर्यंत कण्याजवळचा गोंद सुटून मधलाच एखादा गठ्ठा हातात येतो. कपाटात कापूर ठेवा, पिवळा दिवा रात्रभर जळता ठेवा, बुरशीचे तांबूस ठिपके यायचे ते येतातच. माझ्याकडची टॉल्किनची प्रत रबरबँडाच्या आधाराने उभी आहे. त्यामुळे चौदा खंडांची मालिका इथे घरात आणायची तर नुसते पैसे मोजून भागत नाही; जागा द्यावी लागते, आयुष्याची काही वर्षं द्यावी लागतात आणि पुस्तकांना ऊन द्यावं लागतं. ऊन तर जूनपासून सप्टेंबरपर्यंत इथे उधारीवरही मिळत नाही.

म्हणून तळेगावला इंजिनिअरिंग शिकणारी माझी भाची मोबाइलवर यादी घेऊन आली, तेव्हा मी ती यादी गंभीरपणे घेतली. रॉबर्ट जॉर्डनच्या ‘द व्हील ऑफ टाइम’चे चौदा भाग, स्टीव्हन एरिक्सनच्या ‘मलाझन’चे दहा, रॉबिन हॉबची सोळा पुस्तकं, जॉर्ज मार्टिनची पाच, टॉल्किनचे तीन खंड आणि खाली आणखी बरंच काही.

“मामा, ह्यातलं वाचण्यासारखं कुठलं ते सांग. सगळं वाचायला बसले तर केटी लागतील.”

“तुझ्या मैत्रिणी काय म्हणतात?”

“त्या म्हणतात, पहिले दोन भाग कसेबसे काढ, तिसऱ्यापासून जी पकड घेते ना!”

हे ‘पहिले दोन भाग कसेबसे काढ’ मला कधीच पटलेलं नाही. दोन भाग म्हणजे दीड हजार पानं. एवढ्या पानांत माणसाने हरिभाऊ आपट्यांची ‘उषःकाल’ वाचून हातावेगळी करावी. आणि आपल्याला लांबलचक गोष्टीची सवय नाही अशातला भाग नाही. श्रीधरस्वामींच्या पांडवप्रतापाचे चौसष्ट अध्याय, रामविजयाचे चाळीस, हरिविजयाचे छत्तीस. चातुर्मासात घरोघर पोथी लागायची आणि रोज एक अध्याय व्हायचा. लावणीच्या दिवसांत निम्मे श्रोते बायाबापड्या, चिखलाचे पाय धुऊन येऊन बसणाऱ्या. कोणी आठ दिवस यायचं, मग खंड पडायचा, मग पुन्हा यायचं. ज्याला वीस अध्याय चुकले त्यालाही एकविसाव्यात काहीतरी पदरात पडायचं, कारण लिहिणाऱ्याने तशी सोय केलेली असायची. अध्यायाला स्वतःची सुरुवात, स्वतःचा उत्कर्ष, स्वतःचा शेवट. आमच्या घरात तर पोथी दुःखाच्या ठिकाणी थांबवायची नाही असा दंडक होता. अभिमन्यू पडला की आजी म्हणायची, “अजून थोडं वाच रे, इथे नको ठेवूस.” वाचणाऱ्याचा घसा बसलेला असला तरी तो पुढे वाचायचा. चौसष्ट अध्यायांतला एकही पुढच्याच्या जिवावर जगत नव्हता. मोठी मालिका हाती घेताना मी सगळ्यात आधी हेच पाहतो, की पहिला भाग एकटा उभा राहतो का? राहत नसेल, तर लेखकाने मला वाचक म्हणून बोलावलेलं नाही, हप्ते भरायला बोलावलंय.

पण ही झाली चाळणी. खरी कसोटी माझ्याकडे दुसरीच आहे, आणि ती मी मावळात शिकलो. कुठलीही अद्भुत मालिका उघडली की मी एकच गोष्ट बघतो: ह्यातली माणसं दिवसाला किती कोस चालतात?

हसण्यासारखं नाही हे. अशा मालिकांचा पाऊण भाग चालण्याचाच असतो. अंगठी घेऊन डोंगरापर्यंत जायचं असतं, हरवलेला राजपुत्र शोधायचा असतो, उत्तरेकडून सैन्य यायचं असतं. जादू, पंखांचे सर्प, बोलणारी झाडं हे सगळं मी एका शब्दाच्या बदल्यात मान्य करायला तयार आहे. पण सकाळी निघालेलं तीस हजारांचं सैन्य संध्याकाळी घाट उतरून पलीकडे तळ ठोकतं, घोड्यांना चारा लागत नाही, पावसात कोणाचं धान्य भिजत नाही, असं दिसलं की पुस्तक मिटतो. लोणावळ्याहून तुंगार्लीवरून राजमाचीला जाणारी वाट पंधरा-सोळा किलोमीटरची आहे, बरीचशी सपाटीवरची. कोकणातून, कोंडिवड्याकडून चढलं तर अंतर कमी, पण छातीचा भाता होतो. दोन्ही वाटा उधेवाडीतच येऊन पोहोचतात आणि नकाशावर दोन्ही निरुपद्रवी दिसतात. पावसाळ्यात पहिल्या वाटेवरचे ओढे भरले, की जवळची वाट लांबची होते आणि लांबची बंद. हा फरक ज्या लेखकाला कळतो, त्याने खुशाल सांगावं की ह्या किल्ल्यावर चेटकीण राहते. माझा विश्वास बसतो.

पुण्याच्या लोकलमध्ये बसून मी ह्या मालिकांचा पुष्कळसा भाग वाचला. मळवली गेली, कामशेत गेलं, कान्हे गेलं की वडगाव येतं, आणि तिथे हातातल्या पुस्तकातली लढाई मला नेहमी फिकी वाटायला लागते. १७७८ च्या अखेरीस मुंबईकर इंग्रज राघोबादादांना पेशव्यांच्या गादीवर बसवायला निघाले. सैनिक चार हजारांच्या आतबाहेर, आणि सामान ओढायला बैल एकोणीस हजार! बोरघाट चढून वर आल्यावर त्यांची चाल दिवसाला मैलभरसुद्धा पडेना. मराठे समोरासमोर फारसे येतच नव्हते. चारा जाळायचा, धान्य हलवायचं, पाठीमागून रसद तोडायची आणि कडेकडेने टोचत राहायचं. जानेवारी १७७९ च्या सुरुवातीला कॅप्टन स्ट्युअर्ट कार्ल्याजवळ पडला. त्याचं शौर्य पाहून आपल्याच लोकांनी त्याला ‘इष्टुर फाकडा’ म्हटलं आणि शत्रू असूनही त्याचं नाव मावळात टिकलं. फौज तळेगावला पोहोचली तर गाव जाळलेलं, खायला काही नाही. मग मागे फिरायचं ठरलं. जड तोफा तळ्यात ढकलल्या, रात्रीच्या अंधारात परत निघाले, आणि महादजी शिंद्यांनी त्यांना वडगावला कोंडलं. पुढे तह.

ह्यात जादूचा एक कण नाही, पण महाकथेला लागतं ते सगळं आहे. गादीवर हक्क सांगणारा एकाकी काका, परका मदतनीस, घाट, आग, शूर शत्रू, तळ्यात बुडवलेल्या तोफा. आणि सगळ्याच्या मुळाशी एकोणीस हजार बैलांचा चारा. त्याच्याही आधी, २ फेब्रुवारी १६६१ ला, कारतलबखान कुरवंड्याच्या घाटाने खाली उतरला आणि उंबरखिंडीच्या झाडीत अडकला, तेव्हाही निकाल तलवारीच्या आधी वाटेने लावला होता. दाट रान, अरुंद नळी, पाण्याची टंचाई. शिवाजीमहाराजांना मावळ पायाखालचं होतं, खानाला नव्हतं. आमच्याकडच्या पोरांना हे शाळेत शिकवावं लागत नाही. सहलीला गेलं की आपोआप कळतं.

टॉल्किन मला आवडतो तो ह्यासाठी. लोक त्याच्या भाषा, त्याच्या वंशावळी, त्याचे एल्फ वाखाणतात. माझं मन मात्र त्याच्या हिशेबीपणावर बसलेलं आहे. त्याने आधी नकाशा केला आणि गोष्ट त्यात बसवली. कुठल्या रात्री चंद्र कितवा असेल हे जुळावं म्हणून त्याने मागची प्रकरणं पुन्हा दुरुस्त केली. दुसऱ्या खंडाच्या सुरुवातीला तिघे जण पळवून नेलेल्या मित्रांच्या मागे धावत सुटतात. चार दिवस पुरे व्हायच्या आत पंचेचाळीस लीग, म्हणजे दोनशेहून जास्त किलोमीटर! एखाद्या सुमार लेखकाने हे सहज लिहून टाकलं असतं. इथे त्यांना वाटेत भेटणारा घोडदळाचा सरदारच आकडा ऐकून तोंडात बोट घालतो. लेखकाला ठाऊक आहे की हे अचाट आहे, म्हणून तो पुस्तकातल्याच माणसाला थक्क करून आपली समजूत घालतो.

आणि अंगठी घेऊन निघालेल्यांतला सॅम! सॅम सगळ्या प्रवासात पाठीवर स्वयंपाकाची भांडी आणि मिठाची डबी वागवतो. शेवटच्या टप्प्यात, अंगात त्राण उरलेलं नसताना, ओझं कमी करायचं ठरतं आणि तो ती भांडी एका खोल भेगेत टाकून देतो. भांडी आपटत खाली जातात तो आवाज त्याच्या काळजाला लागतो. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला तळेगावचं तळं आठवलं. हजारभर पानांच्या मालिकेत एक जण एका तव्याचा निरोप घेतो आणि आपला गळा दाटतो, हेच त्या मालिकेचं वजन. ज्या मालिकेत भांडी नाहीत तिच्यात मुकुटाला किंमत येत नाही.

आता कोणी म्हणेल, हे साहेबाचं झालं, आपल्याकडे काय? आपल्याकडे अद्भुताचं दुकान साहेबाच्या कितीतरी आधी उघडलेलं होतं. लक्ष्मण मोरेश्वर शास्त्री हळब्यांची ‘मुक्तामाला’ १८६१ ची. अरबी भाषेतल्या सुरस आणि चमत्कारिक गोष्टी कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी मराठीत आणायला घेतल्या त्याही त्याच सुमाराला. तिकडे देवकीनंदन खत्रींच्या ‘चंद्रकांता’ने वाचकांना तिलिस्म आणि ऐयारांचं वेड लावलं. नाथमाधवांची ‘वीरधवल’ १९१३ ची, ती तर आजही वाचनालयात फाटेपर्यंत फिरते. ह्या घराण्यातल्या बहुतेक पुस्तकांना माझी कोसांची कसोटी लावली तर ती धडाधड नापास होतात. भुयारात शिरायचं आणि दुसऱ्या राज्यात निघायचं, असला मामला. पण त्यांना ती लावू नये असंच मला वाटतं. एक तर ती बरीचशी एका जिल्दीत संपतात. दुसरं, भुयार हे भुयार असल्याचा त्यांना अभिमान आहे. आपण नकाशावर चालतोय असा आव ती आणत नाहीत.

माझ्या कसोटीला सगळ्यात चोख उत्तर नाथमाधवच देतात. सिंहगडावर शिकारीला गेले असताना ते कड्यावरून पडले आणि कमरेखालचं शरीर लुळं झालं. त्यानंतर अंथरुणाला खिळून ह्या माणसाने कादंबऱ्या लिहिल्या, त्यात शिवकालावरची मालिकाही आली. चालता येत नसलेल्या लेखकाने गड, घोडी आणि दौडी लिहिल्या. तेव्हा लेखक स्वतःच्या पायांनी किती फिरला हे मोजण्यात अर्थ नाही. वाट त्याच्या डोक्यात किती खरी आहे, चढ लागल्यावर त्याच्या वाक्याला धाप लागते का, एवढंच बघायचं.

आणि पायांनीही फिरलेला, डोक्यातही वाट असलेला लेखक तर आमच्या शेजारीच राहत होता. गो. नी. दांडेकर तळेगाव दाभाड्याला राहायचे. लहानपणी घर सोडलेला, नर्मदेची परिक्रमा केलेला आणि पुढे आयुष्यभर गडांवर जात राहिलेला माणूस. ‘माचीवरला बुधा’ १९५८ ची. मुंबई सोडून राजमाचीवर परतलेल्या म्हाताऱ्याची ती गोष्ट. एका दुपारी वाचून होते. तिच्यात राजा नाही, लढाई नाही, पण माचीवरचा वारा, गवत, झाडं आणि जनावरं अशी येतात की एरिक्सनच्या दहा खंडांत मिळून तेवढी जमीन पायाखाली लागत नाही. ‘पवनाकाठचा धोंडी’ही पवन मावळातलीच. ज्या माणसाला शंभर-दीडशे पानांत एक डोंगर उभा करता येतो, त्याने मोठी मालिका लिहिली तर तिचं काय होतं? दांडेकरांनी तीही लिहिली. शिवकालावरच्या पाच कादंबऱ्या: ‘बया दार उघड’, ‘हर हर महादेव’, ‘दर्याभवानी’, ‘झुंजार माची’, ‘हे तो श्रींची इच्छा’. हा इतिहास आहे, अद्भुत नव्हे, हे मला मान्य. पण वाचकाची भूक तीच असते: गड, शपथा, फितुरी, अंधारात दाबल्या आवाजात दिलेले निरोप. ह्या पाचांतली कुठलीही आधी वाचा, बिघडत नाही. पाचही वाचल्या तर काळ सलग लागतो, एकच वाचली तर ती तुम्हाला अर्ध्यावर सोडून पुढच्या खंडाच्या दुकानात पाठवत नाही. पोथीचं शहाणपण ते हेच.

अर्ध्यावर सोडण्यावरून मार्टिनचं नाव निघणं भाग आहे. ‘अ साँग ऑफ आइस अँड फायर’चा पहिला भाग १९९६ चा, पाचवा २०११ चा, आणि सहावा अजून यायचाय. टीव्हीवरच्या मालिकेने मात्र २०१९ लाच सगळं उरकून टाकलं, पुष्कळांच्या मते अक्षरशः उरकलं. वाचक चिडतात, त्या चिडण्यावर मार्टिनचे पाठीराखे चिडतात. मराठी वाचकाला ह्या तमाशाचं नवल वाटायचं कारण नाही. हरिभाऊ आपट्यांनी १८९० ला ‘करमणूक’ काढलं, त्यात आठवड्यामागून आठवडा ‘उषःकाल’ १८९५ पासून चालली आणि संपली. ‘सूर्योदय’ झाली. ‘सूर्यग्रहण’ मात्र १९०९ च्या सुमाराला जी थांबली ती थांबलीच. त्यानंतर हरिभाऊ दहाएक वर्षं होते, १९१९ ला गेले, पण ती कादंबरी पुरी झाली नाही. तेव्हाच्या वाचकांनी काय केलं असेल? करवादले असतील, आणि ‘उषःकाल’ पुन्हा वाचायला घेतली असेल. तिचा शेवट हाताशी होता म्हणून ‘सूर्यग्रहणा’चा नसणं सोसलं.

म्हणून मार्टिनबद्दल माझा निकाल असा: पहिले तीन भाग वाचावेत. ते एका दमात लिहिल्यासारखे आहेत, त्यांतल्या गडांना भिंती आहेत, हिवाळ्याला धान्याचा हिशेब आहे, आणि तिसऱ्याच्या शेवटाला येईपर्यंत एक मोठं आवर्तन पुरं होतं. चौथ्यापासून वाटा इतक्या फुटतात की लेखकालाच परत गावात यायला रस्ता सापडत नाहीसं दिसतं. त्याला सापडला तर आपण आहोतच.

दुसऱ्याने पुरी केलेली मालिका वाचावी का, हा प्रश्न भाचीने विचारला नव्हता, पण जॉर्डनच्या निमित्ताने तो येतोच. जॉर्डन २००७ ला गेला. मागे टिपणं ठेवून गेला होता, त्यावरून ब्रँडन सँडरसनने शेवटचे तीन भाग लिहिले आणि २०१३ ला मालिका संपवली. कडवे वाचक म्हणतात, हात बदललेला कळतो. कळेना का! पुण्यात भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ ला हाती घेतली आणि १९६६ ला पुरी केली. विष्णु सीताराम सुखटणकरांनी पद्धत घालून दिली आणि ते १९४३ ला गेले. पुढे बेलवलकर, त्यांच्यानंतर प. ल. वैद्य. काम पुरं झालं, एकोणीस खंड उभे राहिले, आणि आज ते उघडताना कोणी हस्ताक्षरं तपासत बसत नाही. इथे कार्ल्याच्या चैत्यगृहात गेलात तर खांबाखांबावर दात्यांची नावं कोरलेली दिसतात. धेनुकाकटाचे यवन आहेत, व्यापारी आहेत. कुठल्याशा वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीने तर हे जंबुद्वीपातलं उत्तम शैलगृह असल्याचं दारातच कोरून ठेवलंय. इतक्या जणांचा पैसा, इतके हात, आणि आत उभं राहिलं की एकच वास्तू दिसते, लाकडी कमानींखाली शांत उभी. मोठं काम असंच होतं. हात बदलण्याला माझा आक्षेप नाही.

जॉर्डनला माझा आक्षेप वेगळा आहे. साधारण चव्वेचाळीस लाख शब्द! अख्खं महाभारत अठरा लाखांच्या घरात भरतं म्हणतात, आणि त्यात गीता आहे, शांतिपर्व आहे, नलदमयंती आहे, सावित्री आहे. जॉर्डनच्या मधल्या चार-पाच भागांत काय आहे? वेण्या ओढणं, पोशाखांच्या बाह्यांची वर्णनं आणि रुसवे. त्याचे भक्तसुद्धा सातव्या ते दहाव्या भागाबद्दल बोलताना नजर चुकवतात. पहिला भाग झकास आहे, खेड्यातून निघालेल्या पोरांची भीती त्यात खरी उतरलीय. त्यानंतरचा पसारा विकतच घेतला जातोय म्हटल्यावर वाढत गेलेला वाटतो. मागणी असल्यावर माल निघणारच. मावळात इंद्रायणी तांदळाच्या नावाखाली काय काय विकलं जातं ते आम्ही रोज बघतो, त्यामुळे मला त्या प्रकाशकांचा रागही येत नाही.

एरिक्सनबद्दल मी भाचीला जपून बोललो. हा माणूस पुरातत्त्व शिकलेला. त्याच्या जगात शहराखाली शहर आहे, देवाखाली विसरलेला देव आहे, आणि तो तुम्हाला काहीही समजावून सांगत नाही. पहिल्या पानापासून अनोळखी नावांचा पूर येतो. भाजे, बेडसे, कार्ले अशा दगडांत ज्याला तासन् तास रमता येतं त्याला हा आवडावा. पण परीक्षेच्या आधी नको, आणि लोकलमध्ये तर मुळीच नको. एखादा पानभर तपशील कामशेतच्या गर्दीत निसटला की पुढे चारशे पानं तो सापडत नाही.

रॉबिन हॉबला यादीत सोळा पुस्तकांमुळे लोक घाबरतात, ते उगाच. तिची पहिली तीन, १९९५ ते १९९७ ची, एकत्र वाचून थांबता येतं. राजघराण्यातला नको असलेला मुलगा, त्याला सांभाळणारा तबेल्याचा माणूस, कुत्री, घोडे, खरारा, औषधी पाल्याचा वास. तिसऱ्या भागात हा पोरगा डोंगरांकडे निघतो तेव्हा त्याच्या पायांना फोड येतात, ताप येतो, उपाशी राहावं लागतं. कोस चोख आहेत. सोळाही वाचायची इच्छा झाली तर तिला नाही म्हणायचं काम नाही; तिथे भागाला भाग जोडलेत ते शेतांसारखे, बांध स्वतंत्र आणि पाणी एकच.

यादीत नसलेलं एक नाव मी घातलं: उर्सुला ले ग्विनची ‘अर्थसी’. पहिलं पुस्तक १९६८ चं, बारीक. बेटांचं जग आहे, त्यामुळे चालण्याऐवजी होडी आहे, पण वारा कुठून वाहतो आणि पिण्याचं पाणी किती उरलंय ह्याची नोंद पानोपानी आहे. सहा पुस्तकं मिळूनही जॉर्डनच्या एखाद-दोन खंडांच्या वर जात नाहीत. ज्याला कमी जागेत मोठं जग हवं त्याने हीच घ्यावी, आणि लोणावळ्यात राहणाऱ्याने तर आधी. कपाटात बुरशीला कमी खाद्य.

भाचीने सगळं ऐकून घेतलं, “मामा, तू फार भूगोल आणतोस” म्हणाली, आणि जॉर्डनचा पहिला भाग घेऊन गेली. तिच्या होस्टेलवर एका मैत्रिणीकडे चौदाही आहेत आणि फुकट मिळतायत, ह्या युक्तिवादापुढे माझं काही चाललं नाही.

तुम्ही मात्र विचाराल तर सांगतो. ह्या पावसाळ्यात एकच मोठी मालिका वाचायची असेल तर टॉल्किन वाचा; मुग्धा कर्णिक यांनी ती मराठीत आणलेली आहे, इंग्रजीचा धाक वाटत असेल तर ती घ्या. त्याच्या आधी एक दुपार काढून ‘माचीवरला बुधा’ वाचा. मार्टिनचे तीन, हॉबचे तीन आणि ले ग्विनची सगळी, एवढ्यात दोन-तीन पावसाळे सहज निघतात. जॉर्डनचे सातवा ते दहावा हे भाग कोणी फुकट दिले तरी घेऊ नका.